बर्फघराची भिंत

१

बर्फघरात उतरायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझे गुडघे शाबूत होते. म्हाताऱ्यांना ती शिडी झेपत नव्हती, आणि तरुणांचं घरातल्या फ्रीझरवर भागत होतं. फ्रीझरमधल्या मांसाला चव नसते असं गावात सगळेच म्हणायचे. खाली उतरायला मात्र कोणी तयार नसायचं. मग ज्याला हवं तो मला फोन करायचा. "एथेल, थोडं मकतुक आण गं वर येताना." मकतुक म्हणजे पांढऱ्या देवमाशाची कातडी, चरबीसकट. ते चांगलं गोठलेलं असेल तरच खाण्यात मजा.

किनाऱ्यावरच्या कड्यापासून जरा आत एक लाकडी खोपटं होतं. त्याच्या जमिनीत एक झडप. ती उचलली की शिडी सरळ खाली जायची, आणि तळाशी एक अरुंद बोळ लागायचा. बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, एकेका घराण्याची एकेक, लाकडी दारं लावलेल्या. हे सगळं गोठलेल्या जमिनीत कोरलेलं. छताला गोठलेल्या दवाची पांढरी पिसं लटकलेली असायची, डोकं लागलं की कॉलरमधून पाठीवर पडायची. भिंतींवरही तेच पांढरं लुसलुशीत अस्तर. त्यामुळे खाली आवाज असा नसायचाच. बोललेलं ओठांपाशीच विरून जायचं. मला ते आवडायचं. वर वारा कायम कानाशी भांडत असतो, खाली कोणी काही मागत नाही.

माझं दुसरं काम सोलांजचं. सोलांज दक्षिणेकडच्या मोठ्या शहरातून दर उन्हाळ्यात यायची, जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायला. इतकी वर्षं यायची की आमच्या घरात तिचा ठरलेला कप होता. बर्फघराच्या शेवटच्या खोलीत तिने जमिनीत एक बारीक पाइप रोवला होता, त्यात तापमान मोजणारी केबल. ती नसताना नोंदी काढून पाठवायचं काम माझं.

माझा धाकटा भाऊ नोएल तिला चिडवायचा. "जिथे पाणीच नाही तिथे पाणी बघायला येणारी तू एकटीच."

"आज नाही म्हणून तर येते," ती म्हणायची. "आल्यावर तू फोन करून थोडाच कळवणार आहेस."

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि गेलाच नाही. जुलैत एकदा मी खाली गेले, नोंदी घेतल्या, निघताना सहज टॉर्च बोळाच्या टोकाकडे वळवला. टोकाला खोली नव्हती, नुसती भिंत. ती भिंतही बाकीच्यांसारखी पांढरी असायची. त्या दिवशी तिच्या मधोमध अस्तर नव्हतं. साधारण माणसाच्या खांद्यांइतक्या उंचीवर, माणसाच्या पाठीएवढा एक तुकडा उघडा पडला होता. नितळ काळा बर्फ.

२

कोणीतरी टेकलं असणार, मी मनाशी म्हटलं. जाड कोट घालून भिंतीला टेकलं की दव पुसलं जातं, माझ्याच हातून कितीदा झालंय. पण झडपेची किल्ली माझ्याकडे असायची, आणि त्या आठवड्यात ती कोणी मागितली नव्हती.

पुढच्या खेपेला दव परत धरलं असेल असं वाटलं होतं. धरलं नव्हतं. उलट त्या तुकड्याच्या वर आणखी एक गोल तुकडा उघडा झाला होता, लहानसा. मी हातमोजा काढून बोट लावलं. बर्फ कोरडा होता, गुळगुळीत. मग मी मूर्खासारखी टॉर्च विझवून तिथे उभी राहिले, म्हणजे नीट ऐकू येईल.

आधी काहीच नाही. मग भिंतीच्या आतून आवाज आला. ठिबकण्याचा असता तर मी घाबरले नसते, पाणी ठिबकतं हे मला माहीत आहे. हा आवाज घासण्याचा होता. ओल्या दगडावर बूट घसरावा आणि परत रोवला जावा तसा. थोड्या वेळाने पुन्हा. आणि मध्येच एक हुंकार. बोट किनाऱ्यावर ओढताना पुरुष दात आवळून श्वास सोडतात ना, अगदी तसा.

शिडी चढताना मी मागे पाहिलं नाही. वर लख्ख ऊन होतं, दोन कुत्री माशाच्या डोक्यावरून भांडत होती. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

घरी येऊन विचार केला. बर्फ प्रसरण पावतो, तडकतो, कण्हतो. हिवाळ्यात समुद्रावरचा बर्फ रात्रभर रडतो, त्याने आम्ही कधी झोप मोडून घेत नाही. मग हाच आवाज वेगळा का वाटावा? याला उत्तर होतं, पण ते मला मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं. बर्फाला दम लागत नाही.

३

सोलांज आली तेव्हा तिला सांगितलं. फक्त दवाचं आणि आवाजाचं सांगितलं, बूट आणि हुंकार गाळून.

ती लगेच खाली आली. भिंतीच्या चार ठिकाणी तापमान घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या.

"ही बाजू उबदार आहे. म्हणजे शून्याच्या खालीच, पण बाकीच्यांपेक्षा बरीच वर. पलीकडे कुठल्या दिशेला आहोत आपण?"

"गावच्या तळ्याच्या."

"बरोबर. तुमचं तळं आटतंय, पण त्याला वरून वाट नाही. मग पाणी जातं कुठे? खालून समुद्राकडे जागा शोधतंय. जुन्या समुद्राचं मीठ आहे या मातीत. खारं पाणी शून्याखालीही गोठत नाही. तुला ऐकू आलं ते हेच."

ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. "मग मी उगाचच घाबरले."

"ऐकू दे मलाही," म्हणत तिने टोपी वर सरकवून कान भिंतीला लावला. मी तिचं तोंड पाहत होते. ती बराच वेळ तशीच राहिली. मग हळूच मागे सरकली, आणि पाठ न वळवता आणखी दोन पावलं मागे आली.

"वाहत्या पाण्याचा आवाज असतो," ती म्हणाली. "त्यात कानाला ओळखीचं काहीतरी सापडतं. सगळ्यांनाच."

घरी तिने कोट न काढता चहा घेतला. मी गरम बॅनक, म्हणजे आमचा जाड पाव, पुढे ठेवला, तिच्या आवडीचा, मनुके घातलेला. तिने तो नुसताच कुस्करला.

"एथेल, त्या भिंतीच्या मागे आणखी एखादी खोली आहे का? जुनी, बुजवलेली?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. का?"

"काही नाही," ती म्हणाली. "पाणी थंड असेल तर त्याचा आवाज बदलतो. वाचायला हवं त्याबद्दल."

४

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला डाडुक म्हणतात, मग तो आपला आजोबा असो वा नसो. डाडुक एबल सगळ्या गावाचे डाडुक. त्यांचं घर कड्याच्या सर्वांत जवळ. खिडकीत बसून ते समुद्राला नावं ठेवायचे. त्यांचं मांस पोचवायला गेले तेव्हा माझा चेहरा पाहूनच त्यांनी विचारलं, "कोणाशी भांडून आलीस?"

मी त्यांना सगळं सांगितलं, काही न गाळता. वाटलं होतं ते एखादी जुनी गोष्ट काढतील, काही नाव घेतील, आणि मला ते आवडणार नाही, पण निदान कळेल तरी.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "ते बर्फघर माझ्या बापाने खोदलं, मी तेव्हा अंथरूण ओलं करत होतो. त्याला विचारायला हवं होतं. मला दुसरेच उद्योग होते, पोरींच्या मागे फिरायचे."

"डाडुक, चेष्टा नका करू. मला भीती वाटते."

"मग नको जाऊस. माझ्या जिभेसाठी तू कशाला घाबरायचं?" त्यांनी मकतुकचा तुकडा कापून आधी माझ्या हातात दिला. "आणि गेलीसच तर बोलत जा. न बोलता कोणी दारावरून गेलं की वाईट वाटतं. मला तर वाटतंच."

म्हणून पुढच्या वेळी शिडीच्या तळाशी उतरल्यावर मी मोठ्याने म्हटलं, "मी आहे, एथेल. मांस न्यायला आलेय." माझाच आवाज मला परका वाटला.

भिंतीतलं घासणं थांबलं.

इतका वेळ थांबलं की मी तो उघडा तुकडा सोडून दुसरीकडे पाहूच शकले नाही. मग आतून तो हुंकार आला, लहानसा, आणि बूट पुन्हा रोवले गेले. एवढंच. पण मला कळलं, माझं बोलणं कोणीतरी ऐकलं होतं. त्या नितळ बर्फामागचा काळोख टॉर्च हलवला तरी हलत नव्हता. खांदे, वर डोकं. ते भिंतीला रेलून होतं. रोज आणखी जोर लावून. एक दिवस भिंत फुटेल आणि ते आत येईल, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

५

ऑगस्टच्या शेवटी वायव्येचा वारा उठला आणि पाऊस लागला. आमच्याकडे असा पाऊस नसतो. तळं काठोकाठ भरलं, समुद्र कड्याला धडका देऊ लागला. सोलांज म्हणाली, बर्फघर आजच्या आज रिकामं करू, तिची यंत्रं आणि गावाचं मांस दोन्ही बाहेर काढू. नोएल आणि ती दुपारी खाली उतरले. मी वर खोपट्यात थांबून दोराने पोती ओढत होते.

बरीच पोती आली. मग दोर हलेनासा झाला. मी हाका मारल्या. खालून काही नाही, पण खालून तसंही कधी काही ऐकू येत नाही. मी वाट पाहिली. वारा खोपट्याच्या फळ्या खडखडवत होता. नोएल मुद्दामच त्रास देत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण असल्या दिवशी तो असं करणार नाही हे मला ठाऊक होतं. मी टॉर्च घेतला आणि उतरले.

बोळात छताची सगळी पिसं गळून पडली होती. जमिनीवर पांढरा चिखल. भिंती उघड्या, काळ्या, चकाकणाऱ्या. शेवटच्या खोलीचं दार बंद होतं, आणि दाराची चौकट तिरकी झाली होती, वरचा कोपरा खाली दबलेला. जवळ गेल्यावर दाराच्या पलीकडून दणके ऐकू आले, उशीत मारल्यासारखे. फटीतून नोएलचा आवाज आला.

"जमीन सरकली, दार अडकलंय. बाहेरून पहार लाव. लवकर."

पहार बोळात होतीच, बर्फ फोडायची. मी ती उचलली आणि तेव्हा टॉर्चचा उजेड टोकाच्या भिंतीवर पडला.

भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. त्यातून पाण्याची बारीक धार सुटून समोरच्या लाकडावर आपटत होती. आणि तड्याच्या आड, आता अगदी नितळ झालेल्या बर्फात, मला ते दिसलं. फार वेळ नाही. रुंद पाठ. खाली घातलेलं डोकं. दोन्ही हात लांब पसरलेले.

हात पलीकडे होते. माझ्याकडे नव्हते.

मी तिथे उभी राहून विचार करत होते, वेळ नसताना. आत घुसायचं असेल तर माणूस दाराकडे तोंड करतो, पाठ करत नाही. हे आमच्याकडे पाठ करून उभं होतं. पाठ आमच्या भिंतीला लावून, टाचा रोवून, ते पलीकडे ढकलत होतं. पलीकडे सगळं तळं होतं.

"एथेल," आतून सोलांजचा आवाज आला, अगदी शांत. "इथे पाणी येतंय."

मी पहार चौकटीत घुसवली. बोळ अरुंद, जोर लावायला जागा नाही. जोर लावायचा तर एकच जागा होती. टोकाच्या भिंतीला पाठ टेकायची आणि पायांनी पहार रेटायची.

मी पाठ टेकली. बरोबर त्या तुकड्यावर. दुसरी जागाच नव्हती.

कोटातून थंडी यायला हवी होती. आली नाही. आली ती थरथर. जड ओझं फार वेळ उचलून धरलेल्या माणसाच्या स्नायूंना सुटते ती. माझ्या पाठीला पाठ लावून कोणीतरी असं थरथरत होतं, आणि सोडत नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप आमच्या भाषेत शब्द निघाले, लहानपणी वडिलांना बोट ओढायला मदत करताना म्हणायचे ते. "आणखी जरा. आणखी जराच." मी पाय रेटले. पाठीमागूनही तेवढाच जोर आला. दार कडाडलं आणि तुटून आत पडलं.

सोलांज आधी आली, मग नोएल, कमरेपर्यंत भिजलेला. त्याने माझ्या मागे पाहिलं आणि मला शिडीकडे ढकललं. आम्ही चढलो. सगळ्यात शेवटी नोएल. त्याचे पाय झडपेच्या बाहेर आले, त्याने मागे वळून खाली पाहिलं, आणि तेव्हाच खालून एक लांब श्वास सुटल्याचा आवाज आला. मग पाणी. तपकिरी पाणी शिडीच्या पायऱ्या एकेक गिळत थेट झडपेपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. आम्ही खोपट्याबाहेर पळालो. संध्याकाळपर्यंत तिथे खोपटंही नव्हतं आणि कड्याचा तो भागही.

६

लोक मला भीतीची गोष्ट म्हणून ही विचारतात, आणि मीही तशीच सुरू करते. पण सांगता सांगता भीती कुठेतरी मागे पडते. माझा भाऊ जिवंत आहे. रविवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून तो माझ्या चहाला नावं ठेवतो. यापुढे मला दुसरं काही म्हणायचं नसतं.

वाचलेलं मांस आम्ही शाळेच्या सभागृहात वाटून खाल्लं. जेवणाआधी डाडुक एबल उभे राहिले, आणि त्यांनी शिकाऱ्यांचे आभार मानले, देवमाशाचे मानले, माझे मानले.

"आणि खाली जो होता त्याचेही," ते म्हणाले. "नाव माहीत नाही. माफ कर म्हणावं."

कोणी हसलं नाही. नोएल ताटात बघत होता. त्याने त्या दिवसाची गोष्ट गावभर सांगितली होती, पाणी हातभर वाढवून आणि स्वतःचं शौर्य दोन हात वाढवून. पण मागे वळून काय पाहिलं ते कधी सांगितलं नाही.

सोलांजने सांगितलं, निघायच्या आदल्या दिवशी. आम्ही दोघी भांडी विसळत होतो.

"तू एकच पाहिलास, ना?"

मी मान हलवली.

"आम्ही खोलीत अडकलो तेव्हा भिंतींवरचं दव सगळं पडलं. तिन्ही भिंतींवरचं." ती एकच कप पुन्हा पुन्हा पुसत होती. "मी टॉर्च विझवला. नोएलला म्हटलं बॅटरी वाचवू. पण मला दिसायला नको होतं."

"काय?"

"पाठी," ती म्हणाली. "खांद्याला खांदा लावून. कोपऱ्यातसुद्धा जागा सोडली नव्हती."

मी कप तिच्या हातातून घेतला आणि जागेवर ठेवला. मग ती रडली. घाबरून नाही. मला फरक कळतो.

७

पुढच्या उन्हाळ्यात ती मोठं यंत्र घेऊन आली आणि गावभर पाइप रोवले. समुद्राकडच्या रांगेतल्या घरांखाली तिने सगळ्यात जास्त वेळ घालवला. मोजायची, मान हलवायची, परत मोजायची. शेवटी तिने सभा बोलवायला सांगितली.

"या घरांखालची जमीन वितळली आहे," ती म्हणाली. "सगळी. खाली नुसता गाळ आणि वाहतं पाणी आहे. माझ्या हिशेबाने ही रांग मागच्या वर्षीच समुद्रात जायला हवी होती."

"पण गेली तर नाही," मागून कोणीतरी म्हणालं. "माझ्या भिंतीला साधी चीरही नाही."

"नाही गेली," सोलांज म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. "ती कशावर उभी आहे, ते मला सांगता येत नाही."

बघता बघता सगळ्यांच्या नजरा पायाखालच्या फरशीकडे गेल्या. कोणी पाय हलवले नाहीत.

घर हलवायला सर्वांत जास्त विरोध डाडुक एबलांचा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. सोलांजने पाहिलेल्या पाठींचं मी त्यांना कधीच सांगितलं होतं. ते काठीवर जोर देत उठले.

"मग त्यांना उगाच ताटकळत कशाला ठेवायचं?" ते म्हणाले. "कधी हलायचं ते सांगा."

घरं लाकडी ओंडक्यांवर चढवून ट्रॅक्टरने ओढली, एकेक करून, वरच्या खडकाळ टेकाडावर. डाडुकांचं शेवटचं. त्यांनीच तसं मागितलं होतं. ते खुर्ची टाकून बाजूला बसले, मी त्यांच्याशेजारी उभी. घर डुलत डुलत निघालं, खिडकीतले पडदे तसेच. आतून नोएल हात हलवत होता, गाढवासारखा. घराचं मागचं टोक त्या जागेवरून सुटलं, थोडं पुढे गेलं, सुरक्षित झालं.

तेव्हा ती जमीन खाली गेली. कोसळली नाही, धडामदिशी काही नाही. हळूहळू, मधून आणि मग कडेने, आवाज न करता. मी पुढे व्हायला लागले, काय करायला ते माहीत नाही, तर डाडुकांनी माझी बाही धरली.

"बसू दे त्यांना," ते म्हणाले. "दमले असतील."